इंग्रजीतलं ‘गेट’ वापरायचं कसं? सीमाभागातल्या मराठी माणसासाठी

बेळगावात ‘गेट’ म्हटलं की टिळकवाडीतलं पहिलं, दुसरं नाहीतर तिसरं रेल्वे गेट डोळ्यांसमोर येतं. ते गेट वेगळं. इथे बोलायचं आहे ते इंग्रजीतल्या त्या छोट्या क्रियापदाबद्दल, ज्याचा भूतकाळ ‘गॉट’ होतो. शब्दकोशात बघितलं तर मिळणे, आणणे, विकत घेणे, होणे, पोहोचणे, पकडणे, समजणे, करवून घेणे अशी त्याच्या अर्थांची रांग लागते. ही रांग पाठ करून काही होत नाही. पाठ केलेली मुलंसुद्धा बोलायला उभी राहिली की ‘जॉब गॉट टू मी’ म्हणून मोकळी होतात.

हा लेख मराठी माध्यमातून शिकलेल्यांसाठी आहे. उद्यमबागेतल्या कारखान्यात, पुण्याच्या कंपनीत किंवा गोव्याच्या हॉटेलात इंग्रजीतून चार वाक्यं बोलायची वेळ आली की ज्यांची जीभ अडखळते, ते डोळ्यांसमोर आहेत. खानापूर, निपाणी, चिकोडी, बेळगाव या पट्ट्यातल्या माणसाकडे एक भांडवल असतं, पण ते इंग्रजीच्या कामी येईल असं त्याला कुणी सांगत नाही. ते म्हणजे रोज कानांवर पडणारं कन्नड. ‘गेट’च्या दोन-तीन अवघड जागी मराठी आणि कन्नड दोन्ही आपल्या बाजूने उभ्या राहतात.

पायरी 1: आधी उच्चार

‘गेट’ म्हणजे मिळणे आणि ‘गेट’ म्हणजे फाटक, हे दोन्ही आपण देवनागरीत सारखेच लिहितो. इंग्रजीत मात्र उच्चार वेगळे आहेत. मराठीत ‘ए’ एकच असल्यामुळे हा फरक आपल्या लिपीत दाखवता येत नाही. कन्नडात ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए असे दोन वेगळे स्वर आहेत, आणि आकडे मोजता येणाऱ्या कुणालाही ते ठाऊक असतात. ‘एरडु’ म्हणजे दोन, यातला ए आखूड. ‘एळु’ म्हणजे सात, यातला ए लांब. क्रियापद ‘गेट’ म्हणताना ‘एरडु’तला ए वापरा, फाटकाचं ‘गेट’ म्हणताना ‘एळु’तला. अगदी तंतोतंत नव्हे, पण ऐकणाऱ्याचा घोटाळा होणार नाही इतकं नक्की जमतं.

पायरी 2: ‘गेट’च्या पुढे काय आहे ते बघा

अर्थ ‘गेट’मध्ये शोधू नका, त्याच्या पुढच्या शब्दात शोधा. पुढे वस्तू असेल तर मिळणे, आणणे किंवा घेणे. ‘आय गॉट द सर्टिफिकेट’ म्हणजे दाखला मिळाला. ‘गेट मी सम वॉटर’ म्हणजे जरा पाणी आण. ‘आय गॉट धिस शर्ट इन खडेबाजार’ म्हणजे हा शर्ट खडेबाजारातून घेतला. पुढे गुण किंवा अवस्था असेल, म्हणजे अँग्री, वेट, टायर्ड, तर होणे. पुढे ठिकाण असेल तर पोहोचणे. वस्तू आणि तिच्यामागे ‘रिपेअर्ड’, ‘कट’, ‘साइन्ड’ असा भूतकाळी रूपाचा शब्द असेल तर करवून घेणे. अप, ऑफ, ओव्हर, थ्रू असा छोटा शब्द असेल तर त्या जोडीचा अर्थ वेगळा शिकावा लागतो.

एवढ्यात बहुतेक वाक्यं बसतात. एक अर्थ तेवढा या चाळणीतून निसटतो, समजण्याचा. ‘आय डिडन्ट गेट यू’ म्हणजे तुम्ही काय म्हणालात ते कळलं नाही. ‘ही डिडन्ट गेट द जोक’ म्हणजे त्याला विनोद कळलाच नाही. फोनवर आवाज तुटत असेल तर ‘सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट’ म्हणायचं. ‘व्हॉट? व्हॉट?’ म्हणून ओरडण्यापेक्षा ते कितीतरी सभ्य वाटतं.

पायरी 3: ‘मला’चं ‘आय’ करा

माझ्या मते ‘गेट’ शिकण्यातली सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि शाळेत नेमकी हीच राहून जाते.

मराठीत आपण म्हणतो, ‘मला नोकरी मिळाली.’ इथे क्रियापद नोकरीच्या मागे जातं, नोकरी म्हणून ‘मिळाली’. माणूस बाजूला, ‘मला’ म्हणून उभा. कन्नडातही तसंच, ‘ननगे केलस सिक्तु’. त्यातलं ‘ननगे’ म्हणजेच आपलं ‘मला’. दोन्ही भाषांमध्ये गोष्ट माणसाकडे चालत येते. इंग्रजीत माणूस पुढे होतो आणि गोष्ट घेतो, ‘आय गॉट अ जॉब’. त्यामुळे दोन्ही भाषांची सवय असलेला माणूस ‘मला’चं ‘टू मी’ करतो आणि वाक्य फसतं.

उपाय सोपा आहे. मराठी वाक्य ‘मला’ने सुरू होत असेल तर तिथे ‘आय’ ठेवा आणि शेवटच्या ‘मिळालं’, ‘आलं’, ‘झालं’, ‘लागलं’च्या जागी ‘गॉट’ बसतं का ते बघा.

मला राग आला: आय गॉट अँग्री.
मला कंटाळा आला: आय गॉट बोअर्ड.
मला तिकीट मिळालं नाही: आय डिडन्ट गेट अ टिकेट.
आईला ताप आला: मदर गॉट अ फीवर. मधला ‘अ’ विसरायचा नाही.
त्याला शिक्षा झाली: ही गॉट पनिश्ड.

ही युक्ती डोळे झाकून वापरायची नाही. ‘मला आवडलं’ म्हणजे ‘आय लाइक्ड इट’, ‘मला वाटतं’ म्हणजे ‘आय थिंक’, ‘मला माहीत आहे’ म्हणजे ‘आय नो’. इथे ‘गेट’चा काही संबंध नाही. ‘मला’ असलं तरी काहीतरी नव्याने हाती आलं किंवा अवस्था बदलली, असं असेल तरच ‘गॉट’.

आणि एक फसवी जागा. भूक लागल्यावर आपण स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणतो, ‘आई, भूक लागली.’ क्रियापद भूतकाळी, पण गोष्ट आत्ताची. इंग्रजीत हे ‘आय ॲम हंग्री’. मात्र ‘चोर्ला घाटात गाडी अडकली, सगळ्यांना भूक लागली’ हे सांगताना ‘वुई ऑल गॉट हंग्री’ बरोबर, कारण ती घडून गेलेली गोष्ट आहे. ‘कंटाळा आला’, ‘झोप आली’ यांचंही तसंच. आत्ताचं असेल तर ‘ॲम’, तेव्हाचं असेल तर ‘गॉट’.

पायरी 4: आहे की झालं?

‘बी’ (म्हणजे ॲम, इज, वॉज) आणि ‘गेट’ यांतला फरक ‘आहे’ आणि ‘झालं’ यांतला आहे. ‘तिचं लग्न झालेलं आहे’ म्हणजे ‘शी इज मॅरीड’. ‘तिचं लग्न गेल्या मे महिन्यात झालं’ म्हणजे ‘शी गॉट मॅरीड लास्ट मे’. पहिल्यात स्थिती, दुसऱ्यात घटना. जाता जाता, कुणाशी लग्न झालं हे सांगताना ‘मॅरीड टू’ म्हणतात, ‘मॅरीड विथ’ नाही. आपल्या ‘कुणाशी’मधल्या ‘-शी’चं ‘विथ’ होतं आणि चूक घडते.

हळूहळू होणारा बदल सांगायचा असेल तर ‘इज गेटिंग’. बेळगावच्या बोलीत यासाठी तयार रूप आहे. पुण्याचा माणूस म्हणेल ‘अंधार पडतोय’, आपण म्हणतो ‘अंधार पडायलाय’. ‘उशीर व्हायलाय’, ‘थंडी वाढायलीय’, ‘डोकं तापायलंय’. हे ‘-आयलाय’ जिथे बदल दाखवतं तिथे इंग्रजीत ‘गेटिंग’ ठेवून बघा. ‘इट्स गेटिंग डार्क’, ‘इट्स गेटिंग लेट’, ‘इट्स गेटिंग कोल्ड’. जून-जुलैत खानापूरच्या बाजूला पाऊस सुरू झाला की ‘द रोड इज गेटिंग वर्स’ हे वाक्य रोज कामाला येईल. पण ‘तो जेवायलाय’चं ‘गेटिंग’ होत नाही, ते ‘ही इज ईटिंग’. बदल हवा, नुसतं चाललेलं काम नव्हे.

‘मला उशीर झाला’साठी आपल्याकडे सर्रास ‘आय गॉट लेट’ म्हणतात. भारतात सगळ्यांना ते कळतं. परदेशी माणसाशी किंवा मुलाखतीत बोलताना ‘आय वॉज लेट’ किंवा अडकून उशीर झाला असेल तर ‘आय गॉट डिलेड’ म्हणा.

याच पायरीवर आणखी एक साचा उपयोगी पडतो. ‘त्याची निवड झाली’, ‘तिची बदली झाली’ अशी ‘-ची अमुक झाली’ धाटणीची वाक्यं. ‘ही गॉट सिलेक्टेड’, ‘शी गॉट ट्रान्सफर्ड टू धारवाड’. ‘त्याला बढती मिळाली’ हेसुद्धा इथेच येतं, ‘ही गॉट प्रमोटेड’. अपवाद ‘अपघात झाला’चा. ‘ही गॉट ॲक्सिडेंट’ हे चुकीचं. ‘ही हॅड ॲन ॲक्सिडेंट’ म्हणायचं. आणि ‘पास झाला’ म्हणजे साधं ‘ही पास्ड’. तिथे ‘गॉट पास’ किंवा ‘गॉट पास्ड’ कशाला?

पायरी 5: स्वतः केलं की करवून घेतलं?

आता अशी जागा, जिथे चूक झाली की ऐकणारा हसतो किंवा घाबरतो. ‘मी कालच दाढ काढली’ याचं सरळ ‘आय रिमूव्ह्ड माय टूथ’ केलं तर इंग्रजी ऐकणाऱ्याला वाटतं की पठ्ठ्याने पक्कड घेऊन स्वतःच काढली. ‘केस कापले’चं ‘आय कट माय हेअर’ म्हणजे आरशासमोर स्वतः कात्री चालवली. मराठीत काम दुसऱ्याने केलं तरी ‘मी केलं’ म्हणण्याची मुभा आहे. दाढ काढली म्हणजे डॉक्टरने काढली, हे सगळ्यांना कळतं. इंग्रजीत घर बांधण्यासारख्या मोठ्या कामाला अशी थोडी सूट आहे, पण अंगाच्या आणि हातच्या कामांना नाही.

तिथे साचा असा: गेट, मग वस्तू, मग झालेल्या कामाचा शब्द.

आय गॉट माय टूथ रिमूव्ह्ड.
आय गॉट माय हेअर कट.
आय गॉट माय बाइक रिपेअर्ड.
आय नीड टू गेट धिस फॉर्म साइन्ड.

क्रम बदलायचा नाही. ‘आय गॉट रिपेअर्ड माय बाइक’ म्हटलं की वाक्य कोसळलं.

मराठीत यासाठी ‘करवून घेणे’ आहे, पण रोजच्या बोलण्यात ते मागे पडतं. कन्नडात मात्र हा फरक जिभेवर जिवंत आहे. ‘माडु’ म्हणजे करणे, ‘माडिसु’ म्हणजे करवून घेणे. ‘गाडी रिपेरी माडिसिदे’ म्हणणारा माणूस आपण होऊन ‘गेट’चा साचाच वापरत असतो. म्हणून ‘गेट’ लावायचं की नाही असा प्रश्न पडला तर मनात कन्नडात विचारा: इथे ‘माडिदे’ म्हणेन की ‘माडिसिदे’? मधे ‘इसि’ आलं की ‘गॉट इट डन’. कन्नड फारसं येत नसेल तर मराठीतल्या ‘करवून’, ‘शिवून’, ‘दुरुस्त करून घेतलं’ या ‘घेतलं’कडे लक्ष द्या. वडगाव-शहापुरातल्या शिंप्याकडून ब्लाउज ‘शिवून घेतला’, म्हणजे ‘आय गॉट द ब्लाउज स्टिच्ड’.

उद्यमबागेत या साच्याला पैशाची किंमत आहे. ‘वुई मशीन द कास्टिंग्ज’ म्हणजे कास्टिंगवरचं, म्हणजे ओतीव भागांवरचं, मशीनिंग आमच्याच शॉपमध्ये होतं. ‘वुई गेट द कास्टिंग्ज मशीन्ड’ म्हणजे ते काम आम्ही बाहेर जॉबवर्कला देतो. बाहेरगावचा ग्राहक शॉप बघायला आला आणि तुम्ही पहिलं वाक्य बोललात, तर तो लेथ कुठे आहे म्हणून शोधत बसेल.

काम कुणाकडून करवून घेतलं हे सांगायचं असेल तर माणसानंतर ‘टू’ येतं. ‘आय गॉट माय ब्रदर टू फिल इन द फॉर्म’. यात थोडी मनधरणी किंवा खटपट आहे, भावाला राजी करावं लागलं असा सूर आहे. ‘आय मेड हिम फिल इन द फॉर्म’ म्हटलं तर सक्ती केली, आणि तिथे ‘टू’ येत नाही. ‘आय हॅड हिम फिल इन द फॉर्म’ हे साहेबाच्या तोंडी शोभतं, माझ्या हाताखालचा माणूस म्हणून सांगितलं आणि त्याने केलं. त्यातही ‘टू’ नाही. ‘टू’ फक्त ‘गेट’बरोबर, एवढं लक्षात ठेवलं तरी बस्स.

पायरी 6: बसमध्ये चढता-उतरता

पोहोचण्यासाठी ‘गेट टू’. ‘व्हेन डिड यू गेट टू निपाणी?’ पण घरी आणि तिथे-इथे यांच्याआधी ‘टू’ नाही. ‘आय गॉट होम ॲट नाइन’, ‘हाउ डू आय गेट देअर?’

वाहनात चढण्या-उतरण्याला दोन जोड्या आहेत. ज्यात उठून चालता येतं त्या बसला, रेल्वेला, विमानाला ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. ज्यात वाकून शिरावं लागतं त्या कारला, रिक्षाला ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट ऑफ’. ज्यावर टांग टाकतो त्या सायकलला, मोटरसायकललाही ‘ऑन’ आणि ‘ऑफ’.

कंडक्टर ‘इळीरी, इळीरी’ म्हणतो, आपण ‘उतरा’ म्हणतो, दोन्हींत खाली येणं आहे. म्हणून भारतभर ‘गेट डाउन’ रुजलं. देशात ते चालतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. परदेशी पाहुण्याला सेंट्रल बसस्टँडवर उतरायला सांगायचं असेल तर ‘गेट ऑफ ॲट द सेंट्रल बसस्टँड’ म्हणा. ‘गेट डाउन’ ऐकून तो खाली वाकेल, कारण धोक्याच्या वेळी ओरडून सांगायची ती सूचना आहे.

पायरी 7: ‘हॅव गॉट’ आणि ‘गॉटन’

‘आय हॅव गॉट टू ब्रदर्स’ यात काही मिळालेलं नाही, ‘मला दोन भाऊ आहेत’ एवढाच अर्थ. ‘हॅव यू गॉट चेंज?’ म्हणजे सुट्टे आहेत का? हे फक्त वर्तमानात. मागचं सांगताना ‘आय हॅड’. ‘आय हॅव गॉट टू गो’ म्हणजे मला गेलंच पाहिजे. भराभर बोलताना त्याचं ‘आय गॉटा गो’ होतं, सिनेमात ऐकू येतं ते हेच. लिहिताना मात्र ‘गॉटा’ नको.

‘गेट’ हा शब्द इंग्रजीत आला तो जुन्या नॉर्स भाषेतून, व्हायकिंग लोकांकडून. त्याचं ‘गॉटन’ हे जुनं रूप इंग्लंडमध्ये जवळपास सुटलं आणि अमेरिकेत टिकलं. अमेरिकेतला भाचा ‘इट हॅज गॉटन कोल्ड’ म्हणाला तर त्याला दुरुस्त करायला जाऊ नका. आपल्या शाळांत ब्रिटिश वळणाचं ‘गॉट’ शिकवतात, परीक्षेत तेच लिहा.

पायरी 8: छोट्या शब्दांच्या जोड्या

या जोड्या शेकड्याने आहेत. सगळ्या एकदम घेऊ नका. कामाच्या तेवढ्या घ्या आणि त्याही मराठी वाक्यासकट.

फोन लागत नाही: आय कान्ट गेट थ्रू. हेच ‘गेट थ्रू’ कठीण परीक्षेतून निघण्यालाही चालतं.

कसंबसं भागतं: वुई गेट बाय. ही जोडी सीमाभागासाठीच घडवली असावी असं वाटतं. तुम्हाला कन्नड येतं का, असं कुणी इंग्रजीत विचारलं आणि तुमचं कन्नड बाजारहाट, बस, नाडकचेरी एवढ्यापुरतंच असेल, तर ‘अ लिटल’ म्हणून गप्प बसू नका. ‘आय गेट बाय इन कन्नड’ म्हणा. कामापुरतं येतं, अडत नाही, हा नेमका अर्थ त्यात आहे.

दोघांचं पटतं: दे गेट अलाँग. यात मैत्रीच असायला हवी असं नाही, खटके उडत नाहीत एवढं पुरे.

सावरणे: गेट ओव्हर. आजारातून, दुःखातून, नापास झाल्याच्या धक्क्यातून. ‘गेट इट ओव्हर विथ’ म्हणजे मात्र नकोसं काम एकदाचं उरकून टाकणे, जसं दवाखान्यात जाऊन इंजेक्शन.

सवय होणे: गेट यूज्ड टू. यानंतर क्रियापद आलं तर ‘-इंग’ लागतं. ‘आय गॉट यूज्ड टू ईटिंग ॲट टेन.’ इथे हटकून चूक होते, कारण ‘टू’नंतर साधं क्रियापद ठेवायचं ही शाळेतली सवय आड येते.

‘आय विल गेट बॅक टू यू’ हे मुलाखतीनंतर ऐकायला मिळतं. अर्थ एवढाच की नंतर कळवतो. सूर बघा. तारीख सांगितली असेल तर आशा ठेवा, नुसतंच म्हटलं असेल तर दुसरीकडे अर्ज टाका.

‘गेट आउट’, ‘गेट लॉस्ट’ यांचा अर्थ ‘चालता हो’. ते कळायला हवं, पण स्वतः वापरताना जपून. ‘गेट अप’ म्हणजे अंथरुणातून उठणं, जाग येणं नव्हे. पाचला जाग आली आणि सहाला उठलो तर ‘आय वोक अप ॲट फाइव्ह अँड गॉट अप ॲट सिक्स’.

सराव कसा करायचा

वहीचं एक पान घ्या आणि दिवसभरात तुम्ही खरोखर बोललेली, ‘मला’, ‘त्याला’, ‘आईला’ने सुरू झालेली मराठी वाक्यं रात्री आठवून लिहा. पुस्तकातली नको, आपलीच. शेजारी इंग्रजी करा आणि कुठे ‘गॉट’, कुठे ‘ॲम’, कुठे दोन्ही नाहीत याची खूण करा. मग करवून घेतलेल्या कामांची वाक्यं वेगळी काढा: गॅस भरून आणला, झेरॉक्स काढून घेतली, पंप दुरुस्त करून घेतला. ही मोठ्याने म्हणा. साचा हाताने लिहून बसत नाही, जिभेने बसतो. घरात कन्नड बोलणारं कुणी असेल तर त्यांच्या तोंडचे ‘माडिसिदे’, ‘होलिसिदे’ (शिवून घेतलं), ‘कट्टिसिदे’ (बांधून घेतलं) टिपा आणि त्याच जागी इंग्रजी वाक्य म्हणून बघा.

लिहिताना ‘गेट’ला आवर घाला

बोलण्यात ‘गेट’ कितीही वापरा. अर्जात, कार्यालयीन पत्रात, बायोडेटात ते कमी करा, कारण तिथे ते ढिलं वाटतं. कागद मिळण्याला ‘रिसीव्ह’, खटपट करून मिळवण्याला ‘ऑब्टेन’, होण्याला ‘बिकम’, पोहोचण्याला ‘रीच’. म्हणजे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी दिलेला अर्ज अडकला असेल तर मित्राला सांगताना ‘आय स्टिल हॅवन्ट गॉट इट’, आणि तहसीलदारांना लिहिताना ‘आय हॅव नॉट येट रिसीव्ह्ड द सर्टिफिकेट’. पत्र लिहून झालं की त्यातले ‘गेट’ आणि ‘गॉट’ पेन्सिलीने गोल करा. एका पानावर दोनाहून जास्त गोल दिसले तर एकेक बदलत जा, आणि त्यानंतरच सही करा.